सकाळी सहाची यादी

७ फेब्रुवारी २००६, मंगळवार

पुन्हा मेली वेबसाइट! तीस सेकंद झाले की पान पांढरं आणि वर एक इंग्रजी ओळ – वेळ संपली. अरे, कुणाची वेळ संपली? मी तर साडेसहापर्यंत इथेच आहे.

दहा महिने हेच करतेय. बदलापूरच्या कुंदाताईंचं 'मीलनमाळा' वधूवर सूचक केंद्र, त्यांची वेबसाइट आमच्या ऑफिसची. म्हणजे केली यज्ञेशने, चालवते मी. लॉगिन करायचं, विभाग निवडायचा आणि 'स्थळे जुळवा' हे बटण दाबायचं. विभाग म्हणजे जात. स्क्रीनवर 'विभाग' लिहिलं की सभ्य दिसतं! मग प्रोग्राम त्या विभागातल्या प्रत्येक मुलीला तीन मुलं शोधतो, प्रत्येक मुलाला तीन मुली, आणि पत्रं छापतो. सदूमामा ती पाकिटात भरून टपालात टाकतात. असे चौदा विभाग. मोठा विभाग एका दमात होतच नाही. मध्येच मेला की आधी अ ते ज, मग झ ते प, असे तुकडे करत बसायचं.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तो बटण दाबायला. यज्ञेश 'बटणवाली' म्हणतो. हसत म्हणतो, त्यामुळे चिडलं की आपणच वेडे ठरतो.

८ फेब्रुवारी

आज अकरा वेळा मेली. मोजलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी सापडलंय!

सर्व्हरच्या काळ्या खिडकीत दुसरंच शोधत होते. सहज 'पीएचपी', म्हणजे आमची वेबसाइट ज्या भाषेत लिहिलीय तिचं नाव, टाइप करून एंटर मारला. वाटलं, शिवी येईल. नाही आली! कर्सर लुकलुकत बसला, बोल काय म्हणतेस, अशा थाटात. एक ओळ लिहिली, दोन अधिक दोन. उत्तर चार. ब्राउझर नाही, पान नाही, बटण नाही. सरळ चार!

म्हणजे ही भाषा आमच्या मशिनवर दोन ठिकाणी आहे. एक अपाची नावाच्या वेब सर्व्हरच्या पोटात, वेबसाइटची पानं बनवणारी. आणि एक मोकळी, नुसती या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड लाइनवर चालणारी. एवढे दिवस समोर होती आणि कुणी हाक मारली नाही.

यज्ञेशला सांगितलं. तो खुर्ची न फिरवताच म्हणाला, "पीएचपी वेबसाठी असते गं. कमांड लाइनवर काय करणारेस तिचं? हे सगळं कधीतरी जावामध्ये करायचंय मला." तो 'कधीतरी' मी दहा महिने ऐकतेय.

१५ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस हिच्यामागे आहे. आता स्वभाव कळला.

बाई एकच, पण अपाचीत ती सासरी आहे. तीस सेकंदांत काय ते बोलायचं आणि गप्प बसायचं. कमांड लाइनवर माहेरी – वेळेचं बंधन नाही, बोल किती बोलायचं ते! आणि दोन्हीकडचे नियम वेगळ्या फायलीत लिहिलेत. आयएनआय फाइल म्हणतात तिला. अपाचीची वेगळी, कमांड लाइनची वेगळी. नाव तेच, फोल्डर निराळा.

माहेरी आली म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्यांदा चालवली तर म्हणे शेजारची फाइल सापडत नाही. अपाची आपणहून त्या फोल्डरात जाऊन उभी राहायची, इथे आपण सांगायला लागतं, पूर्ण पत्त्यासकट. मग स्क्रीनभर 'बीआर' 'बीआर' – वेबपानाच्या खुणा, इथे वाचणारं कुणी नाही. त्या काढल्या. मग जुनी पत्रं पुसता येईनात, कारण ती अपाचीच्या नावावर! त्याच मशिनवर, त्याच प्रोग्रामने लिहिलेली, आणि मला परवानगी नाही. त्याच्यावर एक दुपार गेली. शेवटी लॉगिनची ओळही काढून टाकली. सकाळी सहाला लॉगिन कोण करणार? भूत?

हो, सकाळी सहा. तेच ठरवलंय. मशिनने आपणहून उठायचं, यादी करायची, पत्रं छापून ठेवायची. सात वाजता लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत सगळं तयार.

१७ फेब्रुवारी

चाचणी घेतली. बौद्ध विभागातले पंचवीस फॉर्म घेतले. अर्धे अंबरनाथचेच, आमच्या वस्तीतले. नाव वाचलं की कळतं बरोबर का चूक. सगळं बरोबर! एकही स्थळ वेडंवाकडं नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

टेकचंद सरांना केबिनमध्ये दाखवलं. सर म्हणजे मालक, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या या मजल्याचे आणि खालच्या चेनींच्या होलसेल दुकानाचेही. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही आणि ते तसं सांगतात, हे मला आवडतं. त्यांनी एकच विचारलं, "बटन कौन दबायेगा?"

म्हटलं, कोणी नाही.

"तो तू क्या करेगी?"

म्हटलं, दुसरं काहीतरी करीन सर, डोकं लागेल असं.

हसले. "कर दे साईं, कर दे."

बाहेर यज्ञेश. "फुटलं तर तुझं हं. मी हात लावलेला नाही." नकोच लावू.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

चालली!!!

साडेआठला पोचले तर प्रिंटरवर गठ्ठा. तीनशे अठरा पत्रं. एकदाही मेली नाही. चौदा विभागांचं, चार दिवसांचं काम आणि लागली फक्त नऊ मिनिटं.

सदूमामा पंचवीस वर्षं टपाल करताहेत. चष्मा कपाळावर ठेवून गठ्ठ्याकडे बघत राहिले. "आज रातभर हितंच व्हतीस काय गं?" म्हटलं, नाही मामा, मी झोपले होते, तीच उठली. त्यांना काय समजलं कोण जाणे. पत्रं घडी घातली, पाकिटात भरली, बारापर्यंत टपालात. कुणी एकही पत्र उघडून वाचलं नाही. वाचायची पद्धतच नाही आमच्याकडे – यादी प्रोग्रामने केली म्हणजे झाली.

आईला फोनवर सांगितलं. "म्हणजे आता तुझी नोकरी राहील ना?" हे तिचं अभिनंदन!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

कुंदाताईंचा फोन. मी उचलला. आवाज असा की आधी वाटलं, घरात कुणी गेलं.

"काय पाठवलंत तुम्ही लोकांनी?"

२५ फेब्रुवारी, शनिवार

आता नीट लिहिते. कागदावर तरी नीट.

पत्रं सगळी सरमिसळ गेली. वय जुळलेलं, शिक्षण जुळलेलं, गाव, उंची, अपेक्षा – सगळं अगदी फिट्ट. फक्त विभाग बघितलाच नाही. मराठ्याच्या मुलाला माळ्यांची मुलगी, ब्राह्मणांच्या मुलीला बौद्ध मुलगा, आगऱ्यांच्या घरी सोनार. तीनशे अठरा घरं!

का झालं तेही सापडलं. विभाग फॉर्मवरून येतच नव्हता, तो लॉगिनबरोबर यायचा. मी ब्राउझरमध्ये 'मराठा' निवडलं की प्रोग्राम ते लक्षात ठेवायचा आणि तेवढेच फॉर्म काढायचा. कमांड लाइनवर लॉगिनच नाही. मी स्वतःच्या हाताने ती ओळ काढली. विभाग रिकामा आला. आणि यज्ञेशच्या मूळ प्रोग्राममध्ये लिहिलंय की विभाग रिकामा असेल तर सगळे घे. इशारा द्यायची सोय होती, पण कमांड लाइनच्या आयएनआयमध्ये ती बंद.

आणि चाचणीत कळलं कसं नाही? कारण पंचवीसच्या पंचवीस बौद्ध! जुळवणार कुणाशी, बौद्धांशीच. घरचे म्हणून घेतले आणि घरच्यांनीच तोंडघशी पाडलं. मूर्ख, मूर्ख, मूर्ख! चूक माझी. पूर्ण माझी.

पण एक लिहायलाच हवं. पत्रात जात छापलेली नसते, कारण आजवर सगळे एकाच विभागातले असायचे. मग लोकांनी काय केलं? फोन केले. बदलापूरचे एक बाबा आणि उल्हासनगरचे एक काका वीस मिनिटं बोलले म्हणे. कुठे नोकरी, मुलगी काय करते, दोघांनाही साखर, दोघांनाही एकच डॉक्टर. रविवारी चहाला या, इथपर्यंत ठरलं. फोन ठेवता ठेवता एकाने विचारलं, "बाकी आपण… कोण?"

त्यांनीच कुंदाताईंना सर्वात जास्त झापलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. देवळाकडे जत्रा, सगळे रस्ते बंद, भोंगे. आम्ही घरातच. बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणजे सोमा रोकडे, एकतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जॉब चुकला तर चुकला म्हणायचं. त्यात लाज नाही. आमच्याकडे चुकलेला जॉब, तो लोखंडाचा तुकडा, लाल रंग लावून वेगळा ठेवायचे. लपवला तर मात्र मेमो."

उद्या तेच करायचं. लाल रंग.

२७ फेब्रुवारी, सोमवार

मी लाल रंग लावायला गेले आणि त्यांनी माझ्याच तोंडाला फासला.

कुंदाताई स्वतः आल्या. सरांच्या केबिनमध्ये मी, त्या, यज्ञेश. मी उभी. सांगितलं सगळं – चूक माझी, कशी झाली, परत होणार नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चूक? तीनशे पत्रांत फक्त जातच तेवढी चुकली? वय नाही चुकलं, उंची नाही चुकली?"

म्हटलं, ते फॉर्मवर होतं, हे लॉगिनवर–

"आणि चाचणी घेतलीस ती नेमकी तुमच्याच लोकांवर."

तुमच्याच लोकांवर. मी यज्ञेशकडे बघितलं. चाचणीचं फक्त त्याला माहीत होतं. तो टेबलाच्या कडेला नख घासत होता.

"हिने मुद्दाम केलंय, टेकचंदजी. कशासाठी ते मला सांगायची गरज नाही."

मग मागणी. सगळ्या तीनशे अठरा घरी माफीपत्र जाणार, माझ्या सहीचं, पूर्ण नावानिशी. अस्मिता सोमा रोकडे. नाव वाचून लोकांना जे कळायचं ते कळेल, त्यांना वेगळं सांगायला नको. आणि पत्रात लिहायचं की हे मी 'जाणूनबुजून' केलं. म्हणजे केंद्राचा दोष उरत नाही!

सरांनी मला मागे थांबवलं. "देख अस्मिता, मुझे मालूम है तूने जानबूझ के नहीं किया. दो लाइन है. लिख दे, खतम. इकतीस मार्च तक टाइम देता हूँ. नहीं तो नौकरी खतम, और एक्सपीरियन्स लेटर मैं कैसे दूँ?"

ते पत्र मला हवंय. वाशीच्या कंपनीत अर्ज केलाय आणि वर्षाचा अनुभव मागतात. सरांना ते माहीत आहे.

पायऱ्या दोन-दोन करून उतरले. रागाने! भीतीने असेल तर थोडंसंच.

१ मार्च, बुधवार

मसुदा टेबलावर ठेवलेला सापडला. यज्ञेशची भाषा. 'मी वैयक्तिक हेतूने जाणूनबुजून प्रोग्राममध्ये फेरफार केला.' शुद्धलेखन अगदी चोख.

आईला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "सही करायची नाही. वाकलो ते छप्पन सालापर्यंत. आता नाही."

आमच्या आईसाहेब भागीरथीबाई, जिंदाबाद!

४ मार्च, शनिवार

कुंदाताईंनी फर्मावलंय, दुरुस्तीसाठी सगळे मूळ फॉर्म तपासा. शिक्षा म्हणून मलाच दिलं. बदलापूरहून तीन गोण्या आल्या. फॉर्म लोकांनी हाताने भरलेले, कुणाचं बाळबोध अक्षर, कुणाचं डॉक्टरी. मी एकेक बघत गेले.

दुसऱ्या पानावर तळाशी एक रकाना आहे. रोज फॉर्मचा डेटा बघते, पण हा कधी लक्षातच आला नव्हता. 'जातीची अट: आहे / नाही.'

आणि लोकांनी 'नाही'वर खुणा केल्यात!

एक, दोन, पाच. हातातलं खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. एकाने नुसती खूण नाही, खाली दोन रेघा मारल्यात. वांगणीच्या एका शिक्षिकेने बाजूला लिहिलंय, 'खरोखर नाही.' खरोखर! म्हणजे तिलाही माहीत असणार की कुणी बघत नाही ते.

सगळे मिळून एकसष्ट. त्यातले काही तीन-तीन वर्षं नोंदलेले. त्या तीन वर्षांत त्यांना, माझी चूक सोडली तर, एक तरी बाहेरचं स्थळ गेलंय का? एकही नाही. जाणार कसं, गेले अकरा महिने तर मीच रोज विभाग निवडून बटण दाबत होते. मीच!

६ मार्च, सोमवार

यज्ञेशला सरळ विचारलं. डेटाबेसमध्ये तो रकाना आहे, प्रोग्राममध्ये कुठेच नाही, असं का?

"कुंदाताई म्हणाल्या, साठवून ठेव, वापरू नको."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"क्लायंटचा रिक्वायरमेंट आहे अस्मिता. प्रत्येक गोष्टीत तुझं हे काय काढतेस?"

माझं हे. 'हे' म्हणजे काय ते त्याला म्हणवत नाही. बिचारा, सुशिक्षित आहे.

९ मार्च, गुरुवार

सुट्टी टाकून बदलापूरला गेले. एकसष्ट फॉर्म पिशवीत.

कुंदाताईंचं केंद्र म्हणजे त्यांची बाहेरची खोली. चहा दिला. कपबशी चांगली होती, तेही खरं लिहायला हवं. त्यांचे यजमान शरदचंद्र, फॅक्टरीतले रिटायर ऑफिसर, कोपऱ्यात फायली लावत होते. मी फॉर्म टेबलावर मांडले आणि म्हटलं, ही माणसं 'अट नाही' म्हणतात. तुम्ही त्यांचं ऐकलं नाही. माझ्याकडून एकदा चुकून ऐकलं गेलं.

"अगं, ते लिहायचं म्हणून लिहितात लोक. मनातून कुणाला नको असतं."

"मग रकाना कशाला ठेवलात?"

त्या म्हणाल्या, आणि हे मला अपेक्षित नव्हतं, "सगळे ठेवतात. चांगलं दिसतं." मग, "मी लग्नं जुळवते अस्मिता. एकोणीस वर्षं. मुलींचे बाप इथे बसून रडतात. समाज सुधारायला नाही बसले मी. एक घर तुटलं तर माझ्या दारात येतात, तुझ्या नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या, त्याचाच जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याशी भांडणं सोपं असतं.

म्हटलं, "तीनशे सत्तावन्न घरांना मी दहा वेळा सॉरी म्हणते." – आकडा चुकला, दोनशे सत्तावन्न म्हणायचं होतं, भांडताना वजाबाकी जमत नाही. – "पण या एकसष्टांना नाही म्हणणार. त्यांना जे हवं होतं तेच गेलं."

निघताना शरदचंद्र दारापर्यंत आले. हळूच म्हणाले, "फॉर्म सोडून जा. मी नोंद ठेवतो." कसली नोंद, देव जाणे.

१५ मार्च

धुळवड. ऑफिस बंद. कुणी रंग लावला नाही, मीही कुणाला लावला नाही. बरं झालं.

१८ मार्च, शनिवार

आज हसले! तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

माझी स्क्रिप्ट, म्हणजे सकाळी सहाचा प्रोग्राम, यज्ञेश दुरुस्त करतोय. मला हात लावायची मनाई. सगळे इशारे स्क्रीनवर दिसायला हवेत म्हणून आयएनआय फाइलमध्ये बदल केला, अपाची बंद करून चालू केली, स्क्रिप्ट चालवली. इशारा नाही. पुन्हा बदल, पुन्हा अपाची बंद-चालू. सकाळपासून आठ वेळा. नवव्यांदा पूर्ण मशिनच बंद करून चालू केलं. तरी नाही.

मी शेजारी बसून चकलीचा डबा संपवत होते. मला माहीत होतं. तो सासरची फाइल बदलत होता आणि बाई माहेरी चालत होती! आयएनआय दोन आहेत, हे एवढ्या मोठ्या माणसाला सुचलं नाही.

चार वाजता, खुर्ची फिरवून – हो, या वेळी फिरवून – हळू आवाजात, "अस्मिता, तू सेटिंग कुठे बदललं होतंस?"

म्हटलं, मोठ्याने विचार.

"काय?"

"सगळ्यांसमोर विचार. पीएचपी कमांड लाइनवर कशी चालवतात, असं."

विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खुनशी म्हणा, चालेल.

२० मार्च

आज आल्या आल्या पहिलं काम केलं ते त्याला फाइलचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. तिकडे लोक स्थळांची वाट बघताहेत, त्यांना माझ्या आणि याच्या भांडणाचं काय? थँक्यू म्हणाला नाही.

२२ मार्च, बुधवार

ऑफिसात फोन. बदलापूरहून, राजेंद्र नावाच्या मुलाचे वडील. माफीपत्र कधी येतंय म्हणून असेल असं वाटून तयारीत राहिले.

"ते पत्र तुम्ही पाठवलं होतं ना? अंबरनाथची मुलगी होती त्यात. आमच्यात नाही बसत ती, पण आमच्या राजूने 'अट नाही' लिहिलं होतं. गेलो आम्ही रविवारी."

म्हटलं, मग?

"आम्हाला मुलगी आवडली हो. तिनेच नाही म्हटलं. राजू दोन इंचांनी कमी पडला." आणि हसायला लागले. "जातीचं कुणी बोललंच नाही, उंचीवर गाडी अडली! अजून तशी स्थळं पाठवाल का? कुंदाताई म्हणतात, ते चुकून गेलं होतं."

फोन ठेवून बाथरूममध्ये गेले. रडले. का ते माहीत नाही, आणि शोधायचंही नाही.

२५ मार्च, शनिवार

माझं पत्र मी लिहिलं. तीन वाक्यं.

'दि. २१ फेब्रुवारीच्या पत्रांत विभाग तपासला गेला नाही, ही माझी चूक आहे, पण ती मुद्दाम केलेली नाही. ज्यांनी जातीची अट आहे असे कळवले होते, त्यांची मी माफी मागते. ज्यांनी अट नाही असे कळवले होते, त्यांचे म्हणणे आजवर वाचले गेले नव्हते.'

सही. पूर्ण नाव. तुम्हाला हवं होतं ना नाव? घ्या.

सरांनी दोनदा वाचलं. "पहला ठीक है. दूसरा ठीक है. तीसरी लाइन काट दे."

"नाही सर."

"एक लाइन के लिए नौकरी छोड़ेगी?"

"तुम्ही एका ओळीसाठी काढताय ना."

त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. वाईट माणूस नाही. पण क्लायंट क्लायंट असतो.

३१ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. पाडवा आणि सिंध्यांचा चेटीचंड लागून आल्यामुळे ऑफिसात चिटपाखरू नाही. सर चावी घेऊन माझ्यासाठी आले होते. सही केली नाही. अनुभवाचं पत्र मिळालं नाही. मशिनवरच्या माझ्या फायली मात्र नीट लावून ठेवल्या, प्रत्येकीत वर टीप लिहिली – ही अपाचीत चालेल, ही कमांड लाइनवर, ही दोन्हीकडे, हिचा विभाग आठवणीने द्या. जाता जाता घाण करून जाणाऱ्यातली मी नाही.

सदूमामा सुट्टी असूनही आलेले. पेढा दिला. "सही नाय केलीस ना? ब्येस."

७ एप्रिल

वाशीच्या कंपनीने कळवलं – अनुभवाचा दाखला नाही, त्यामुळे विचार करता येत नाही. असू दे. दुसऱ्या कंपन्या आहेत. (नाहीयेत फारशा.)

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक, बाबा पांढऱ्या शर्टात. आई शेजारणींना सांगत होती, "आमच्या अस्मिताने नोकरी सोडली, पण मान नाही वाकवली." मी भाव खाल्ला. दोन ग्लास सरबतही.

१७ एप्रिल, सोमवार

घरी फोन. कुंदाताई!

"नऊ घरांनी तशीच स्थळं मागितलीत. ह्यांनी नोंद ठेवलीय सगळी. आणि नवे लोकही विचारताहेत, 'नाही'वर खूण केली तर चालेल का. यज्ञेश म्हणतो जावात करायला लागेल, चार महिने." मग आवाज खाली आणून, "तुला येतं ना ते? आपोआपचं?"

येतं म्हटलं. अटी सांगितल्या. 'जाणूनबुजून' शब्द परत घ्यायचा, तोही सरांसमोर. मला अनुभवाचं पत्र. आणि यादीखाली माझं नाव छापायचं, पूर्ण. माफीखाली चाललं असतं, तर यादीखाली का नको?

"फार ताठ आहेस तू," त्या म्हणाल्या.

म्हटलं, हो.

२० एप्रिल, गुरुवार

सकाळी सहाला चालली, त्याच ऑफिसात, त्याच मशिनवर. या वेळी विभाग मी आठवणीने रिकामा ठेवला, आणि फक्त त्यांच्यापुरता, ज्यांनी खूण केली होती. अकरा सेकंद लागले. एकसष्ट पत्रं. सदूमामांना म्हटलं, एक तरी वाचा. त्यांनी वाचलं, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. 'यादी तयार केली: अस्मिता सोमा रोकडे.'

कुंदाताईंनी शब्द परत घेतला. पुटपुटत घेतला, पण घेतला. अनुभवाचं पत्र पिशवीत आहे. जिंकले!

२३ एप्रिल, रविवार

बासष्टावा फॉर्म माझा. काल भरून टेबलावर ठेवला होता, आईच्या हाती लागला. म्हणाली, "लोकांसाठी भांडलीस, मी नाचले. पण या घरात धम्मातलाच मुलगा येईल." बाबा पेपरातून वर बघेनात. आईने माझ्यासमोर पेन घेतलं, 'नाही'वरची खूण खोडली आणि 'आहे'वर केली. मी तेच पेन तिच्या हातातून घेतलं, तिची खोडली आणि माझी परत केली.